संमेलन आणि एकांत

गोमंतकात मराठी साहित्य संमेलन १९३० साली मडगावास वामन मल्हार जोशी यांच्या, तर १९९४ साली पणजीस राम शेवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. लोकसंग्रह हे संमेलनाचे खरे कार्य होय. निर्मितीस मात्र एकांत लागतो. आयोवा येथे १९६७ साली सुरू झालेल्या उपक्रमाने देशोदेशींच्या लेखकांना असा निवांत निवास दिला. दिलीप चित्रे त्यांपैकी एक. पेडण्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर समुद्रकासवे रात्री अंडी घालतात; दिव्यांचा झगमगाट त्यांना परतवून लावतो. लेखनाचेही तसेच आहे. अध्यापनातून उरलेल्या वेळात लिहिणाऱ्या शिक्षकास मानपत्राहून महिन्याची रजा व एक शांत खोली अधिक उपकारक ठरेल, असे आम्हांस वाटते. मंडपाच्या खर्चापायी त्या खोलीचा विसर अकादमींना पडू नये.