काळा पाऊस आणि एका मुलीचे लग्न

हिरोशिमाविषयी बोलताना आम्ही सहसा आकड्यांपासून सुरुवात करतो. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मृत्यू. तीन दिवसांनी नागासाकी. आकडे खरेच आहेत. पण आकड्यांना घरदार नसते. मासुजी इबुसे यांची ‘काळा पाऊस’ ही जपानी कादंबरी आम्हांला मोलाची वाटते ती यासाठी, की ती एका घरगुती चिंतेपासून सुरू होते. भाचीचे लग्न जमत नाही. १९६५ साली ती मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा तिचे नावही ‘भाचीचे लग्न’ असेच होते.

बॉम्ब पडून चार वर्षे उलटून गेली आहेत. कोबाताके गावात अफवा आहे, की यासुको त्या दिवशी हिरोशिमात होती, तिला बॉम्बचा आजार आहे. आलेली स्थळे परत जातात. तिला सांभाळणारा शिगेमात्सु मग तिची डायरी आणि स्वतःची रोजनिशी नकलून काढू लागतो. मुलगी त्या वेळी शहरात नव्हती, हे त्याला सिद्ध करायचे आहे. पण तिच्या डायरीतच काळ्या पावसाची नोंद निघते. हा मजकूर ठेवावा की गाळावा? निर्दोष ठरवण्यासाठी उघडलेली वहीच साक्ष फिरवते. पुढे यासुको खरोखरच आजारी पडते. ज्याने काही केलेले नाही त्याच्याकडेच पुरावा मागणारा समाज आम्हांला परका वाटत नाही.

इबुसे स्वतः स्फोटाच्या वेळी शहरात नव्हते. शिझुमा नावाच्या एका खऱ्या रोजनिशीकाराच्या नोंदींवर त्यांनी कादंबरी उभारली. म्हणूनच तिच्यात आक्रोश नाही. प्रेतांच्या शेजारी रेशनचे तांदूळ, कोळशाची खटपट, तलावातले मासे असा रोजचा संसार चालू राहतो. हा संयम हेच तिचे बळ आहे.

तरी एक उणीव नोंदवली पाहिजे. जपानबाहेरचा बळी तिच्या चौकटीत फारसा येत नाही. साम्राज्याच्या काळात मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियनही त्या आगीत मेले. त्यांचे स्मारक १९७० साली शांती उद्यानाच्या बाहेर उभे राहिले. आत यायला १९९९ साल उजाडले. ही उणीव सादाको कुरिहारा यांच्या कवितेने भरून काढली. त्या स्वतः हिरोशिमातून वाचलेल्या. ‘हिरोशिमा’ म्हणताच जगातून नानजिंगचा प्रतिध्वनी येतो, तो आधी ऐका, असे त्यांनी आपल्याच देशबांधवांना बजावले. आपले दुःख सांगताना आपण दिलेले दुःख लपवायचे नाही, हा धडा आम्ही सर्वांनीच गिरवावा असा आहे.

कादंबरीतला प्रश्न कागदावरच संपला नाही. २०२१ साली हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने काळ्या पावसात भिजलेल्या ८४ जणांना बॉम्बपीडित मानले, घटनेनंतर ७६ वर्षांनी. पीडितांच्या ‘निहोन हिदांक्यो’ संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. आणि इकडे? १९९८ च्या मे महिन्यात पोखरण आणि चगाई इथे चाचण्या झाल्या, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना मिठाई वाटली गेली. ती ज्यांनी खाल्ली त्यांत आमचेही लोक होते. त्या घरांतही लग्नाच्या भाच्या होत्या. मिठाईचा हात पुढे येईल तेव्हा यासुकोची डायरी आठवावी, एवढ्यासाठी तरी ही कादंबरी वाचायला हवी.