ग्रंथात ग्रंथकार शोधावा काय?

निर्मिती आहे तेथे निर्माता असलाच पाहिजे आणि तो निर्मितीतच वसत असला पाहिजे, हा आग्रह मूळचा ईश्वरवादाचा. परंतु ग्रंथसमीक्षेतही तो आडवाटेने शिरतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९५९ साली 'महाबोधी' नियतकालिकातील परीक्षणात, या ग्रंथाला 'आंबेडकर आणि त्यांचा धम्म' असेच नाव शोभले असते, अशा आशयाचा आक्षेप घेतला गेला. परीक्षणकर्त्याच्या दृष्टीने ग्रंथात तथागत नव्हते, ग्रंथकारच होता. केवळ श्रद्धेच्या बळावर हा आक्षेप झिडकारता येणार नाही. तो तपासला पाहिजे.

त्यासाठी कर्ता कृतीत 'सापडणे' म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल. तळेरे-कणकवलीच्या मुलखात जांभ्या चिऱ्याचे घर सर्वांच्या परिचयाचे आहे. चिऱ्यावर हत्याराचे घाव दिसतात आणि त्यांवरून तो कोणीतरी घडवला, हे कळते. पण म्हणून गवंडी भिंतीत राहत नाही, आणि भिंत उभी राहते तीही त्याच्या नावावर नव्हे. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवछत्रपतींच्या हातापायांचे म्हणून ठसे दाखवले जातात आणि त्यांचे मंदिरही तेथेच आहे. ठसा ही खूण होय, मंदिर हे स्थान होय. खूण कर्त्याची ओळख देते, स्थान कर्त्याला अधिकार देते. आक्षेपकाने या दोहोंत गल्लत केली आहे.

प्रस्तुत ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाच्या प्रारंभीच हा भेद स्पष्ट केलेला आढळतो. बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी कोणतेही स्थान मागितले नाही. ते मार्गदाते होते, मोक्षदाते नव्हते, असे बाबासाहेब तेथे प्रतिपादन करतात. ईश्वराविषयीही त्यांची मांडणी अशीच थेट आहे. ईश्वराने सृष्टी कशापासून तरी निर्माण केली असेल, तर ते 'काही' त्याच्या आधीच होते; मग त्याचा निर्माता कोण? ही परंपरा जुनीच आहे. घट पाहून कुंभाराचे अनुमान करता येते, परंतु केवळ मातीचा आकार आहे म्हणून वारूळही कुंभाराचेच मानावे काय, असे धर्मकीर्तींनी 'प्रमाणवार्त्तिका'त विचारले होते. धम्मपदात तर घर बांधणारा घरातच सापडतो, पण तो देव नसून तृष्णा आहे. तो ओळखला की पुन्हा घर बांधत नाही. विराट पुरुषाच्या अवयवांपासून वर्ण निघाले असे मानले, तर व्यवस्था अढळ ठरते. ती कारणांपासून घडली असे जाणले, तर ती मोडता येते. आपल्या समाजासाठी हा वाद केवळ तत्त्वचर्चेचा नाही, तो याचमुळे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. ग्रंथात बाबासाहेबांच्या खुणा निःसंशय आहेत. प्रास्ताविकातील चार प्रश्न त्यांचे आहेत: सिद्धार्थाची प्रव्रज्या, चार आर्यसत्ये, अनात्म आणि पुनर्जन्म यांतील विसंगती, आणि भिक्खूचे प्रयोजन. निवड आणि मांडणीही त्यांचीच. मात्र बुद्धवचन ओळखण्याची जी कसोटी ते देतात, ती 'मी सांगतो म्हणून' अशी नाही. वचन विवेकाला धरून आहे काय, मानवी कल्याणाशी त्याचा संबंध आहे काय, असे ते विचारतात. ही कसोटी वाचकाच्या हाती राहते आणि ती ग्रंथकारालाही लागू पडते.

ग्रंथात एक उणीव मात्र आहे. पाली वचन कोठे संपते आणि ग्रंथकाराचे भाष्य कोठे सुरू होते, हे मूळ आवृत्तीत दर्शविलेले नाही. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली आधार शोधून देण्याचे परिश्रम घेतले, ते यासाठीच मोलाचे ठरतात. त्यांमुळे खुणा वेगळ्या ओळखता येतात आणि ग्रंथाचे सामर्थ्य कमी होत नाही.

तात्पर्य, बाबासाहेब ग्रंथात आहेत, पण अधिकारपीठावर नाहीत. त्या पीठावर त्यांना आक्षेपकाने बसवले तसेच काही अनुयायीही बसवतात. विहारात ग्रंथ वस्त्रात गुंडाळून पूजेला ठेवणे आणि त्यातील एकही प्रश्न न विचारणे म्हणजे ज्याने स्वतःसाठी स्थान मागितले नाही, त्याला ते बळेच देणे होय. ग्रंथ उघडावा, कसोटी लावावी. ग्रंथकाराची अपेक्षा याहून वेगळी नव्हती.