कावसजीचें नाक : एका पत्राच्या वाचनाची चिकित्सा

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांतील 'बी. एल.' या सहीचें पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. इंग्रजी फौजेंतील बैलहांक्या कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. वर्षभरानंतर पुण्याजवळ एका इसमानें त्यास नवें नाक बसविलें. यावरून युद्धानें ही शस्त्रक्रिया निर्माण केली, किंवा सुश्रुताची विद्या पुण्यांत अखंड चालू होती, अशीं विधानें सर्रास केलीं जातात. आमच्या मतें पत्राचा मजकूर दोहोंसही पुरत नाहीं.

ही क्रिया हिंदुस्थानांत फार जुनी व बऱ्यापैकीं रूढ आहे, असें पत्रकर्ताच सांगतो. युद्धानें दिला तो रोगी, आणि परका साक्षीदार. तोही जपून वाचावा : क्रूसो व ट्रिंडले या मुंबईच्या वैद्यांनीं 'ही क्रिया' पाहिली, एवढेंच तेथें आहे, कावसजीवरचीच पाहिली, असें नाहीं. कावसजी हें नांव पाहून त्यास पारशी ठरविणारेही आहेत. पत्र त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हणतें.

आतां सुश्रुत. पत्रांतील कारागीर मेणाच्या पत्र्यानें माप घेतो, कपाळाचें कातडें सोडवितो, डोळ्यांमधील पट्टी रक्तसंचारासाठीं राखतो, आणि सांध्यावर कात लावलेल्या चिंध्या बसवितो. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायांत माप झाडाच्या पानाचें, कातडें गालाचें, वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचें चूर्ण. साम्य कल्पनेचें आहे, रीतीचें नाहीं. शिवाय सैन्यासवें जाणाऱ्या वैद्याचीं कर्तव्यें सांगणाऱ्या ३४ व्या, युक्तसेनीय, अध्यायांत भर आहे तो राजास विषापासून राखण्यावर. तेथें नासासंधानाचें नांव नाहीं. वीट करणाऱ्या जातीच्या त्या माणसानें, म्हणजे बहुधा कुंभारानें, संहिता वाचली असें मानण्यापेक्षां ही विद्या हातोहात आली असें मानणें सयुक्तिक होय. संस्कृताच्या अभिमान्यांस हें रुचणार नाहीं. आम्हांसही तो अभिमान आहे.

कार्प्यूनें १८१४ त लंडनांत ही क्रिया केली. त्याच्या दोन रोग्यांपैकीं एकाचेंच नाक लढाईंत, आल्बुएरा येथें, गेलें होतें. युद्धाच्या गरजेचा खरा रेटा १९१७ पासून सिडकप येथें गिलीजच्या रुग्णालयांत दिसतो.

पत्रानंतर पांच महिन्यांनीं, ११ मार्च १७९५ रोजीं, खर्ड्याची लढाई आमच्याच जिल्ह्यांत, पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगरांत, झाली. त्या मोहिमेचे मोडी कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं जखमींच्या याद्या व औषधखर्चाचीं कलमें तपासून नकला मंडळाकडे पाठवाव्या. त्यांत एखाद्या कुंभाराचें नांव आल्यास तें क्षुल्लक म्हणून गाळूं नये.