‘स्वमत’ कोणाचे?

महाराष्ट्रात दहावीच्या मराठी परीक्षेस कृतिपत्रिका लागू झाली. तीतील ‘स्वमत’ या कृतीत विद्यार्थ्याने आपले मत आपल्या शब्दांत मांडावयाचे असते. अनेक पालक मात्र त्याचेही उत्तर गाइडातून पाठ करवून घेतात. हेतू वत्सल असला तरी त्यामुळे कृतीचे प्रयोजनच नष्ट होते.

मुलाचे मत प्रथम त्याच्या बोलीत आकारते. प्रमाण लेखनात ते मागाहून उतरते. म्हणून पाठातील पात्राचे वागणे पटले का, असे पालकांनी जेवताना सहज विचारावे. मूल घरच्या बोलीत उत्तरले तर मध्येच शब्द सुधारू नयेत, ‘का बरे?’ एवढेच पुढे विचारावे. लेखनाचे नियम शाळा शिकवील. हे साहाय्य निरक्षर मातेसही करता येते, आणि तेच आधी व्हावे, असे आम्हांस वाटते.