काळ्या कागदाचा राजपुत्र

कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, असे म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. त्यांना मी लोटे रायनिगर या जर्मन बाईंचा ‘राजपुत्र अहमद’ दाखवतो. हा तासाभराचा मूकपट १९२६ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये प्रथम लोकांपुढे आला. डिस्नेची हिमगौरी यायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. आज पाहायला मिळणाऱ्या पूर्ण लांबीच्या कार्टूनपटांत हा सर्वांत जुना.

कथा ‘अरबी सुरस कथां’तली. उडता घोडा आहे, दुष्ट जादूगार आहे, अल्लाउद्दीन आहे. नवल आहे ते पात्रांचे. त्यांना नाकीडोळी म्हणावे असे काही नाही. क्वचित कुठे डोळ्याच्या जागी एखादी चीर, बाकी सारी काळी आकृती. आणि तरीही राजपुत्र लाजतो, परी घाबरते, हे आपल्याला स्वच्छ कळते! घोडा आभाळात निघाला, पण त्याला खाली कसे उतरवावे हे राजपुत्राला ठाऊक नाही. त्या वेळची त्याची धांदल पाहा. चेहरा नसल्यामुळे मान, मनगट आणि पाठीचा कणा यांनाच बोलावे लागते. उत्तम नर्तकी मुखवटा घालूनही नाचू शकते, तसेच हे. माझे तर स्पष्ट मत आहे की, पापण्यांचे केस मोजून दाखवणाऱ्या आजच्या कार्टूनपटांना ही जादू सहसा साधत नाही. ते आपल्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाहीत.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत आले आहेत. तिथे सांगणाऱ्याचा आवाज सावलीत जीव ओततो. इथे तो आधार नाही; मूकपटाला वोल्फगांग त्सेलर यांचे संगीत तेवढे सोबतीला.

हे घडले पॉट्सडॅमला, लुई हागेन नावाच्या एका बँकवाल्याच्या गॅरेजवरच्या माळ्यावर. चलनाला किंमत उरली नव्हती, म्हणून या गृहस्थांनी कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. सोने घेणारे पुष्कळ असतात! बाई तेव्हा चोविशीच्या. काळा पुठ्ठा आणि शिशाचे पातळ पत्रे कात्रीने कापायचे, सांधे तारेने जोडायचे, बाहुली काचेच्या टेबलावर निजवायची. खालून उजेड, वर कॅमेरा. हात केसभर सरकवला की एक चित्र. एका सेकंदाच्या हालचालीला अशी वीस-चोवीस चित्रे, आणि असे तीन वर्षे! बाईंचे यजमान कार्ल कोख या कामात त्यांच्या जोडीला होते. जादूचे झगमगाट वाल्टर रुटमान यांच्या हातचे. चेटकीण आणि जादूगार सिंह, साप, विंचू, कोंबडा अशी रूपे पालटत झुंजतात, तो प्रसंग आमच्या घरातली मुले पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. मलाही ते सांगणे हवेच असते.

दोष नाहीत असे नाही. अल्लाउद्दीनची गोष्ट मध्येच घुसते आणि राजपुत्र बराच वेळ ताटकळतो. आफ्रिकन जादूगार व चिनी दरबार रंगवताना त्या काळच्या युरोपीय माणसाचे ग्रह उघडे पडतात. मुलांबरोबर पाहताना त्याबद्दल दोन शब्द बोलावेत.

मूळ निगेटिव्ह १९४५ साली बर्लिनच्या लढाईत नष्ट झाली. लंडनमध्ये जपलेल्या एका प्रतीवरून १९९९ साली हा चित्रपट जुन्या रंगछटांसह पुन्हा उभा राहिला. बाई मात्र १९८१ सालीच वारल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहाल, तर तळ्याचा प्रसंग चुकवू नका. पिसांचा वेष उतरवून परी पाण्यात उतरते तिथे आकृतीवरून नजर काढून जरा मागे न्या. ते धुके, ती झाडे, ते पाणी, सगळा पातळ कागद आहे. एकावर एक ठेवलेला.