‘रज्मनामा’ : अद्भुताचे तीन वाचक

जयपूरच्या राजसंग्रहातील ‘रज्मनामा’, म्हणजे अकबराच्या चित्रशाळेत सिद्ध झालेली महाभारताच्या फार्सी अनुवादाची प्रत, चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु १५८२ मध्ये आरंभिलेल्या या अनुवादाचे महत्त्व स्वीकारमीमांसेच्या दृष्टीनेही मोठे आहे. कारण त्याच्या आद्य वाचकांचे प्रतिसाद उपलब्ध आहेत.

बदायूनी हा अनुवादकांपैकीच एक. बादशहाच्या आज्ञेने पत्करलेले हे काम त्याला पोरकट असंभाव्यतांची जंत्री वाटले. तसे त्याने गुप्तपणे लिहिलेल्या आपल्या इतिहासात नोंदवलेही. १५८७ ची प्रस्तावना लिहिणाऱ्या अबुल फज्लला मात्र याच ग्रंथात दोन्ही धर्मांतील कर्मठांना प्रश्न विचारण्याची आणि परस्परवैर निवळण्याची शक्यता दिसली. एकाने अद्भुत धिक्कारले, दुसऱ्याने ते उपयुक्त ठरवले.

दोहोंतून निसटते ती महाभारताची स्वतःची हास्यदृष्टी. मौसलपर्वात यादवकुमार सांबाला गर्भवतीच्या वेषात ऋषींपुढे उभे करतात. असंभाव्य प्रश्नाला असंभाव्यच उत्तर मिळते : सांबाच्या पोटी मुसळ जन्मते आणि कुलनाश ओढवतो. हसणारे आणि हसे होणारे येथे एकच ठरतात. असंभाव्यता हा या कथेचा दोष नसून तिच्या भेसूर विनोदाचा आधार आहे.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) अद्भुत बव्हंशी वगळून मानवी व्यवहार शोधला. त्या वाचनाने व्यक्तिरेखा उजळल्या, हे निर्विवाद. परंतु अद्भुत वजा केले की मुसळ जाते, आणि मुसळाबरोबर ते हास्यही. महाकाव्याच्या वाचनाचा इतिहास लिहिताना कोण कशावर विश्वास ठेवतो याइतकेच कोण कोठे हसतो, हेही तपासले पाहिजे.