सापळा की वर्दी? : संगणक-जाळ्याच्या व्यवस्थापनाची परिभाषा

मोठे संगणक-जाळे चालवणे म्हणजे दूरवरच्या शेकडो यंत्रांची हालहवाल एका ठिकाणी बसून राखणे. त्यासाठी रूढ झालेला संकेत म्हणजे 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', अर्थात एसएनएमपी. केस, फेडॉर, शॉफस्टॉल व डेव्हिन यांनी तो मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ या दस्तऐवजात मांडला. त्यातील कल्पना मोजक्या आहेत. प्रत्येक यंत्रात एक 'एजंट' असतो व मध्यवर्ती ठिकाणी 'मॅनेजर'. काय विचारता येईल, याची बांधीव यादी म्हणजे 'मिब'. मॅनेजर विचारतो, एजंट उत्तर देतो. क्वचित न विचारता 'ट्रॅप' धाडतो. रचना म्हणून हा काटकसरीचा उत्तम नमुना आहे. त्याची शब्दयोजना मात्र तपासून घ्यावी लागते, विशेषतः भेस्तान-उधना पट्ट्यात. येथे महानगरपालिकेच्या मराठी आणि उर्दू शाळांतील मुले पुढे एकाच संगणक-वर्गात येतात आणि इंग्रजी संज्ञेचा अर्थ आपापल्या भाषेतून लावतात.

'एजंट' शब्दाने सुरतेच्या कापडबाजारातील दलाल आठवतो, पण त्यात फारसे नुकसान नाही. 'ट्रॅप'चे तसे नाही. 'सापळा' म्हटले की बिघाड त्यात अडकणारच, अशी समजूत होते. वस्तुतः ती निव्वळ वर्दी आहे. (उर्दू माध्यमाच्या मुलाला 'वर्दी' म्हणजे गणवेश, त्याच्यासाठी 'इत्तिला' बरा.) सामान्यतः यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर जाणाऱ्या या वर्दीला पोच नसते. जाळे कोलमडते त्याच घडीला ती वाटेत हरवण्याचा संभव अधिक, आणि मॅनेजरच्या पडद्यावर मात्र सारे शांत. भेस्तान हे मुंबई-सुरत लोहमार्गावर सचिन आणि उधना यांच्यामधले स्थानक. रेल्वेच्या जुन्या ब्लॉक पद्धतीत पुढच्या स्थानकाकडून 'लाईन क्लिअर' आल्याखेरीज गाडी सोडत नसत. उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही. वर्दीवरच विसंबणाऱ्या जाळ्यात नेमके उलट घडते, मौन हीच खुशाली ठरते. म्हणून ठरावीक अंतराने विचारणा चालू ठेवावीच लागते. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत पोच मागणारा 'इन्फॉर्म' आला, तो याच उणिवेपोटी.

सर्वांत फसवा शब्द 'कम्युनिटी'. मराठीत 'समुदाय', उर्दूत 'बिरादरी' असे भाषांतर केल्यास संज्ञा आपुलकीची वाटते, आणि पहिल्या आवृत्तीत 'कम्युनिटी' या नावामागची कल्पना खरोखर गटाचीच होती. व्यवहारात मात्र तो परवलीचा शब्द आहे, तोही कोणत्याही आवरणाविना उघडा प्रवास करणारा. मधल्या वाटेवर कान लावून बसलेल्याला तो सहज वाचता येतो. अनेक उत्पादकांनी वाचनासाठी 'पब्लिक' आणि बदलासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द कारखान्यातूनच घालून दिले होते. ज्याने 'कम्युनिटी'चा अर्थ 'समुदाय' असा पाठ केला, त्याला 'पब्लिक' हे त्या समुदायाचे नाव वाटते. ते बदलायचे असते हे त्याच्या ध्यानीही येत नाही. 'प्रायव्हेट' तसाच राहिला, तर बाहेरचा माणूस यंत्राची मांडणीच बदलू शकतो. येथे चुकीच्या प्रतिशब्दाची किंमत परीक्षेतल्या गुणांत मोजता येत नाही.

डिसेंबर २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने 'कम्युनिटी'ऐवजी 'युजर' आणला, सोबत ओळखीची पडताळणी व गुप्तलेखन आणले. तरीही दुसऱ्या आवृत्तीचे 'कम्युनिटी'वर चालणारे रूप आजही अनेक यंत्रांत सुरूच असते.